दोन शांता

"आ करो. जीभ ऊपर."

बाईने तोंड उघडलं, जीभ टाळूला लावली. निवेदिताने टॉर्चचा उजेड एका गालातून दुसऱ्या गालात फिरवला. गोळ्या पोटात गेल्या होत्या. पेल्यात उरलेलं घोटभर पाणी बाईने पिऊन टाकलं, पेला ट्रॉलीवर पालथा ठेवला आणि गाऊनच्या बाहीने ओठ टिपले. परक्याच्या घरी चहा पिऊन उठावं तसं.

निवेदिताने कागदावर सही केली. ट्रॉलीचं एक चाक अडत होतं. ते पायाने ढकलत ती चार खाटा पुढे गेली.

"दीदी, मोर गोली?"

हात पसरून समोर शांता साहू उभी होती. निवेदिताने ट्रॉलीतल्या कप्प्यांकडे पाहिलं. 'शांता साहू' लिहिलेला कप्पा रिकामा होता.

"अभी तो दी ना तेरेको."

"मोला कहाँ मिले हे?" शांता साहू खुदकन हसली. "भुला गेव का, दीदी?"

निवेदिताने मान वळवून मागे पाहिलं.

तपासणीसाठी मोठे साहेब येणार म्हणून वॉर्डाला चुना लागत होता. अर्ध्या खाटा काल संध्याकाळी इकडच्या तिकडे झाल्या होत्या. खिडकीजवळच्या सातव्या खाटेवर कालपर्यंत शांता साहू होती. आज तिथे दुसरी शांता बसली होती. हिला आडनाव नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी पोलिसांनी रायपूर स्टेशनवरून आणून सोडलेली. फाइलीवर 'शांता, पता अज्ञात, बोली छत्तीसगढ़ी' एवढंच. विचाराल त्याला 'हव', म्हणजे छत्तीसगढीतलं 'हो', म्हणायची आणि गप्प व्हायची, म्हणून सगळे तिला चुप शांता म्हणत. दोघींचे केस उवांपायी बारीक कापलेले, दोघींच्या अंगात तोच निळा गाऊन. निवेदिताची या मनोरुग्णालयात वीस वर्षं झाली होती, पण बायकांच्या वॉर्डात ती दोन आठवड्यांपूर्वीच आली होती. त्यात काल दुपारपासून ती घरी गेली नव्हती. बदलीची सिस्टर आलीच नाही.

तिने गोळी देण्याआधी विचारलं होतं. आवाज अजून कानात होता. "शांता साहू?" आणि उत्तर, खाली मान घालून, "हव."

बासष्ट बायका आणि दोन सिस्टर. दुसरी राधिका, कोपऱ्यात सुया मोडून डब्यात टाकत होती.

"राधिका, मी चुप शांताले साहूच्या गोळ्या देल्ल्या."

राधिकाचा हात डब्यावरच थांबला.

"कोन्त्या?"

"क्लोझापीन. शंभराच्या दोन."

"आई गं." राधिकाने दरवाजाकडे नजर टाकली. "कोनं पायलं?"

"कोनं नाई."

"मंग चूप राय ना वं. झोपन दिवसभर. तशीबी झोपलेलीच असते थे. स्नेहल सिस्टरचं काय झालं, इसरली का? खरं बोलाले गेली अन् मेमो घेऊन बसली. आता थे बदलीवर जगदलपूरले, अन् पोट्टं इथं सासूपाशी."

निवेदिता ते औषध चांगली ओळखत होती. आधी रक्त तपासायचं, मग पाव गोळीने सुरुवात, मग आठवड्या-आठवड्याने एकेक पायरी. शांता साहू दोन गोळ्यांपर्यंत पोचायला महिना लागला होता. जिच्या अंगाला ते माहीतच नाही, तिचा रक्तदाब घसरत घसरत कुठवर जाईल, सांगता येत नव्हतं.

"अन् बीपी पडलं तं?"

"नाई पडत वं."

"अन् पडलं तं?"

निवेदिताने खुंटीवरचं बीपीचं मशीन काढलं होतं. दुसऱ्या हातात फोन होता.

डॉक्टर लोकेश वर्मांनी फोन उचलला तेव्हा तिच्या जिभेवर 'दे दी गई' असं वाक्य तयार होतं. वीस वर्षांत असली वाक्यं आपोआप तयार होतात. त्यांत कोणी काही करत नाही, सगळं होतं. तिने ते मोडलं.

"सर, गलत पेशंट को क्लोझापीन दे दी. मैंने दी."

डॉक्टर दहा मिनिटांत आले, हेल्मेट हातातच. त्यांनी बाईच्या पापण्या वर करून पाहिल्या, नाडी धरली.

"कैसे हुआ?"

"मैंने पूछा, शांता साहू? इसने कहा, हव."

"अरे सिस्टर, इससे पूछो तुम कलेक्टर हो, तो भी हव बोलेगी." ते हसले नाहीत. "खड़ी मत होने देना. पैर ऊपर, सलाइन लगाओ, पंद्रह-पंद्रह मिनट में बीपी. अस्सी के नीचे गया तो बड़े अस्पताल भेजेंगे. जागे तो नाम-गाँव पूछ लेना, होश का पता चलेगा. और फॉर्म आज ही भरना है." दारापाशी जाऊन ते थांबले. "मेमो तो आएगा. मैं रोक नहीं पाऊँगा."

"हाँ, सर."

चुना लावणाऱ्या माणसांच्या दोन विटा मागून घेऊन निवेदिताने खाटेचं पायथ्याकडचं टोक उचललं. राधिकाने दुसरी बाजू धरली, खाटेच्या पायांखाली विटा सरकवल्या आणि मग ट्रॉली घेऊन उरलेल्या खाटांकडे गेली.

नऊ वाजता शंभरावर साठ. बाई झोपली होती. सव्वानऊला अठ्ठ्याण्णव. दहाला ब्याण्णव. मशीनचा पट्टा फुगायचा, दंडाला आवळायचा, आणि सुटताना असा उसासा टाकायचा की दर वेळी निवेदिताला वाटायचं, बाईनेच टाकला. खिडकीतून ऊन आलं, खाटेच्या लोखंडावर चढलं, उतरलं. चुन्याचा ओला वास नाकात बसला होता. पाठीत कळ होती ती पायांत गेली होती, आणि पायांतली कुठे गेली ते आता कळत नव्हतं.

साडेअकराला ब्याऐंशी.

तिने पट्टा सोडून पुन्हा बांधला. पुन्हा ब्याऐंशी. अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर देवीदास दारात येऊन उभा राहिला. त्याने गाडीची चावी मुठीत धरली होती, वाजू नये म्हणून.

"निकलना है क्या, दीदी?"

"रुको."

सलाइन थोडं वेगाने सोडलं. बाईचा तळवा थंड होता. निवेदिताने तो आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि चोळत राहिली. भाकरी थापताना हात जसे आपोआप चालतात, तसे तिचे हात चालत होते. तिच्या ओठांशी काही येत नव्हतं, ना देवाचं नाव, ना कुणाचं. फक्त आकडा. ब्याऐंशी, ब्याऐंशी. मग चौऱ्याऐंशी. पाव तासाने अठ्ठ्याऐंशी. देवीदास चावी खिशात टाकून गेला.

फोनवर मुलीचा मेसेज येऊन पडला होता. 'मम्मी कब आओगी?' निवेदिता घरी मराठीत बोलायची आणि साक्षी हिंदीत उत्तर द्यायची. पाच-सहा वर्षं झाली, दोघींनाही आता त्याचं काही वाटत नव्हतं. तिने 'उशीर होईल' लिहून पाठवलं.

दुपारी राधिकाने फॉर्म आणून दिला, सोबत डब्यातली पोळी गुंडाळून. निवेदिता मांडीवर पाटी ठेवून लिहायला बसली. मरीज़ का नाम. शांता, पता अज्ञात. दवा. मात्रा. समय. पाचव्या ओळीत विचारलं होतं, मरीज़ की पहचान कैसे की? तिने लिहिलं, 'नाम पूछा.'

मग ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली.

दोन महिन्यांपूर्वी तेलीबांध्याच्या एका हॉलमध्ये ट्रेनिंग झालं होतं. शिकवायला आलेल्या बाईने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: नाव सांगू नका, नाव विचारा. निवेदिताने ते डायरीत उतरवून घेतलं होतं आणि एसीच्या गारव्यात तिला डुलकी लागली होती. सामोशाच्या वेळी सगळ्या हसत होत्या. बासष्ट जणींना नाव विचारत बसलं तर सकाळच्या गोळ्या संध्याकाळी होतील!

सकाळी तिने नाव विचारलं कुठे होतं? तिने ते सांगितलं होतं. बाईकडे फक्त हो म्हणायचं काम उरलं होतं. अंगावर गणवेश चढवलेला माणूस विचारतो, तेव्हा नाही कोण म्हणतं?

तिने 'पूछा' खोडलं. वर लिहिलं, 'बताया.'

तीनला एकशे चार. साडेतीनला एकशे दहा. बाईने डोळे उघडले आणि ती छताकडे पाहत पडून राहिली.

राधिका धावत आली. "उठली का? उठली?" आणि खाटेवर वाकून, "शांता, ठीक हो ना? शांता?"

"हव."

"थांब," निवेदिता म्हणाली. "तू नको सांगू तिले."

राधिका मागे सरली.

"तुम्हारा नाम क्या है?"

बाईचे डोळे छतावरच. निवेदिता वाट बघत राहिली. पलीकडच्या खाटेवरची कुणी हसली, कुणी खोकली. बाहेर चुन्याच्या बादलीत पाणी ओतल्याचा आवाज आला. वाट बघणं तिला जड जात होतं. हातांना दुसऱ्या खाटेकडे जायची सवय होती. उत्तर आलं नाही. दिवसरात्रीच्या शिणाने हिंदी तिच्या तोंडातून कुठेतरी गळून गेली, आणि खाली जे उरलं होतं तेच वर आलं.

"नाव काय वं तुहं, माय?"

बाईची मान हळूहळू वळली. तिने निवेदिताचा चेहरा पाहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जसं काही हरवलेलं भांडं ओळखायचं आहे.

"पयले पानी दे."

निवेदिताने बाईची मान उचलून धरली आणि चमच्याने पाणी पाजलं. एक, दोन, तीन चमचे.

"शेवंता," बाई म्हणाली.

"कोन्या गावची?"

"सालेकशाची. लहानूची शेवंता." आवाज गंजलेला होता, पण शब्द एकेक करून नीट येत होते. "लहानूले सांग, मी इथंच हावो. हाललीच नाई इथून."

मग तिने डोळे मिटले. पट्टा बांधला, सोडला. एकशे दहा.

राधिका शेजारच्या खाटेवर बसली होती. "मराठी हाये वं हे." तिने ओढणीने तोंड दाबलं. "सहा वर्षं झाली, मी इले 'खाना खाया क्या' विचारून राहिली. अन् हे हव म्हणून राहिली."

"आमची आजी तिकडचीच, लाखनीची. थेबी हवच म्हने."

बोलता बोलता निवेदिताने बाईच्या अंगावरची चादर सारखी केली. सालेकसा म्हणजे गोंदियाच्या अलीकडे. सकाळच्या गाडीत बसलं तर जेवणाच्या आत माणूस घरी. अकरा वर्षांपूर्वी स्टेशनवर कुणी खाकीतल्याने लिहायची वही उघडून काय विचारलं असेल, ते तिला ऐकू येत होतं. शेवंता म्हटलेलं अर्धं ऐकलं असेल. शांता? शांता ना? छत्तीसगढ़िया हो ना?

फॉर्म मांडीवरून खाली घसरला होता. तिने तो उचलला. 'मरीज़ का नाम' या पहिल्याच ओळीपाशी पेन नेलं आणि उचललं. या ओळीतली चूक तिची एकटीची नव्हती.

फोन वाजला. डॉक्टर लोकेश होते, पलीकडे ओपीडीचा गलका.

"सिस्टर, वो दूसरी वाली शांता कैसी है?"

"सर, दूसरी वाली शांता नहीं है."

पलीकडे खुर्ची जोरात सरकली. "नहीं है, मतलब?"

"बीपी एक सौ दस है, सर. पानी पिया, बात की." निवेदिताने भिंतीला पाठ टेकली. ओला चुना गणवेशाला लागला, तिने लागू दिला. "आप आ जाइए. और रेकॉर्ड रूम से इसकी पहली वाली फाइल लेते आइए. एक गलती मेरे से पहले की है."