टाकीतलं पाणी

पारूबाईंच्या पलंगाशेजारी माशांची टाकी ठेवायची कल्पना पवनची, त्यांच्या धाकट्या मुलाची. मूत्रपिंडं निकामी झाली होतीच, त्यात खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. थोरली आम्रपाली त्यांना आठवड्यातून दोनदा केजहून अंबाजोगाईला डायलिसिससाठी गाडीनं नेत असे; बाकीचे दिवस समोरच्या भिंतीकडे पाहत काढायचे. पवननं पुण्याहून येऊन टेबलावर टाकी मांडली, तांबूस मासे सोडले आणि आईला म्हणाला, ‘‘हे बघत जा, करमंल.’’

डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं होतं. दिवसाला एक लहान बाटली. गोळ्या त्यातूनच, चहाही त्याच हिशेबात. जास्त झालेलं पाणी शरीराबाहेर जायला वाट नव्हती, ते पायांत उतरे, मग छातीत चढे. आम्रपाली कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे, तिला हे सगळं कळत होतं. पण आई ओठांवरून जीभ फिरवत ‘‘एक घोट दे की गं आमू, घोटानं काय व्हतंय?’’ म्हणाली की ते कळणं काही उपयोगाचं उरत नसे.

एप्रिल लागला आणि कूलरच्या वाऱ्यानं टाकीतलं पाणी उतरू लागलं. ते खाली गेलं की फिल्टर गुरगुरे आणि पारूबाईंची झोपमोड होई. परीक्षेच्या कामातून सारखं घरी येऊन पाणी घालणं जमेना, तेव्हा आपोआप भरणारा पंप बसवावा असं आम्रपालीनं ठरवलं. पवन फोनवर म्हणाला, ‘‘ताई, कूलरचा जुना पंप हाय की घरात, तोच लाव.’’ बीडच्या दुकानात मुंजाजी नावाच्या दुकानदारानं मात्र मान हलवली.

‘‘कूलरचा लई मोठा व्हतो, म्याडम. पान्यावरचा फ्लोट अडकला तर सगळी बादली एका दमात टाकीत उतरंल. हा बारका न्या. टेबलापतुर पानी चढवतो, तेवढं बास. आन नळीचं तोंड पान्याच्या वर ठिवा, न्हाई तर पंप थांबला की टाकीतलं पानी उलटं बादलीत येतंय.’’

तिनं मुठीएवढा पंप घेतला. टेबलाखाली झाकणाची बादली, बादलीत पंप, तिथून वर गेलेली पारदर्शक नळी आणि टाकीच्या कडेला तरंगणारा फ्लोट. पाणी जरा उतरलं की पंप अगदी हलकं गुणगुणे, कान दिला तरच ऐकू येईल असं, आणि पातळी जागेवर आली की गप्प होई. पुष्कळ दिवसांनी घरातलं एक काम तरी आपल्याविना होतंय, या विचारानं तिला बरं वाटलं.

त्यानंतर पारूबाईंनी पाणी मागणं सोडलं.

सुरुवातीला आम्रपालीच्या हे ध्यानातही आलं नाही. मग संध्याकाळी बाटली अर्धी उरू लागली, ओठांवरच्या भेगा भरून आल्या. ‘‘तहान न्हाई लागत का, माय?’’ तिनं विचारलं. ‘‘न्हाई बा,’’ पारूबाई माशांकडे पाहत म्हणाल्या. ‘‘बरं वाटतंय आता.’’

पण अंबाजोगाईला वजनकाटा भलतंच सांगू लागला. डॉक्टरांनी पारूबाईंच्या पायावर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. ‘‘मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. यांना पाणी कोण देतंय?’’

दिवसा आईजवळ बसणाऱ्या शेजारच्या विजयमालाकाकूंना आम्रपालीनं आडून विचारलं, तर त्या दुखावल्या. ‘‘म्या कावून देऊ? मला कळत न्हाई का?’’ तिकडे बादली सकाळी भरावी आणि दुपारपर्यंत तळ दिसावा. तिनं टाकीवर काच ठेवली, कूलर दुसऱ्या खोलीत हलवला, जमिनीवर ओल शोधली, बादली पलंगापासून लांब सरकवली. पाणी जात होतं तसंच जात राहिलं.

बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला दुपारी ती खुर्ची घेऊन टाकीसमोर बसली. बाहेर ऊन रणरणत होतं. पारूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या आणि त्यांचा सुरकुतलेला गळा तिला एका बाजूनं दिसत होता. तो गळा हलला. काही गिळावं तसा वर जाऊन खाली आला. टाकीतलं पाणी केसभर उतरलं, फ्लोट डुगडुगला, पंप गुणगुणला. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा गळा हलला आणि पुन्हा पंप लागला.

तिनं उठून प्लग ओढला.

‘‘बंद कावून केलास?’’ पारूबाई भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी टाकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेली, पंप आणि बादलीसह. शिपाई नंतर सांगत होता, बादलीत पाणी घालायची वेळच येत नाही, पंप लागतो तरी का हेच कळत नाही. घरी मात्र पारूबाईंनी पाण्यासाठी आकांत मांडला. त्या लहान मुलासारख्या रडल्या, आम्रपालीचा पदर धरून बसल्या, आणि तिनं दात आवळून बाटलीचं टोपण लावून टाकलं. वजन उतरलं, पायांची सूज ओसरली. डॉक्टर म्हणाले, ‘‘असंच सांभाळा.’’ त्या रात्री ती पोटभर जेवली.

आणि जूनच्या तोंडाशी पारूबाई पुन्हा शांत झाल्या.

आम्रपालीला वाटलं, सवय झाली असेल. तिचं स्वतःचंच काही ठीक नव्हतं. वर्गावर शिकवताना तिची जीभ टाळूला चिकटे. ती मुलांसमोरच बाटली तोंडाला लावी, ती संपवी, आणि घसा होता तसाच कोरडा. साखर तपासली, ती ठीक निघाली. ब्लाउज खांद्यावरून घसरू लागले. विजयमालाकाकू म्हणाल्या, ‘‘पोरी, किती सुकलीस गं!’’ आणि त्याच आठवड्यात अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी पुन्हा पारूबाईंच्या पायावर बोट दाबलं, आणि तिच्याकडे पाहिलं.

घरी परतल्यावर आईला पलंगावर निजवून ती तडक स्वयंपाकघरात गेली. फ्रिजमधली बाटली काढली आणि उभ्यानंच पिऊ लागली. पाणी घशातून उतरतंय हे कळत होतं, पण पुढं कुठं काही लागत नव्हतं. बाटली संपली. तिनं दुसरी उघडली. आता थांबावं असं तिला वाटत होतं, हात थांबत नव्हता.

बाहेरच्या खोलीतून पारूबाईंचा तृप्त, झोपाळलेला आवाज आला.

‘‘सावकाश पी गं, आमू. लई गार हाय.’’