फटफटीचा खांदा

शिरपूरहून वाशिमला जाताना नाला ओलांडला की एक चढ लागतो. फार मोठा नाही. भरलेली बैलगाडी तो सावकाश चढून जाते, आणि शेळ्यांमागची पोरं तर तो पळत चढतात. पण त्या दिवशी चढाच्या मध्यावर चंपत माळ्याची फटफटी उभी होती आणि नुसती ओरडत होती. इंजिनाच्या गर्जनेने नाल्यातले बगळे उडून गेले, तरी मागचं चाक जागचं हलेना.

मागून ढकलणारा बदरुद्दीन घामाने निथळत होता.

"बदरूभाऊ, इचा तं नुसता आवाजच मोठा हाय," चंपत हँडल धरून म्हणाला. "काम काईच नाई."

"दम गेला तिचा. इंजिनात कुठंतरी दम फुटून राह्यला. बंद कर, खाली घे."

दोघांनी गाडी उलटी उतरवली. चंपतने पेटीतली टोपली उचलून डोक्यावर घेतली, आणि बदरुद्दीनला तेच जास्त लागलं.

कारण ही फटफटी चंपतच्या दारात आली होती ती बदरुद्दीनच्याच सांगण्यावरून. चैत्रात चंपतच्या जोडीतला मोऱ्या बैल मेला. चंपत नवा बैल आणायला बाजाराला निघाला होता. तेव्हा बदरुद्दीनने त्याला वाटेतून वळवलं आणि वाशिमच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये नेलं. तिथला गोरा इंजिनिअर विलायतेला परत निघाला होता आणि मोठ्या लढाईच्याही आधीची त्याची फटफटी शेडमध्ये धूळ खात होती. बाजूला चाकावर पेटी होती, त्यात चार टोपल्या भाजी सहज बसली असती. "बैल रोज खाते," बदरुद्दीन म्हणाला होता, "फटफटी चालते तेवाच खाते." चंपत हसला आणि बैलासाठी जमवलेलं सगळं तिथे देऊन बसला.

बदरुद्दीन गावचा कल्हईवाला. भांड्यांना कल्हई तर तो करायचाच, पण कुलपं, कंदील, शिवणयंत्रं असं जे काही धातूचं बिघडेल ते त्याच्या हाताखालून जायचं. आणि त्याला एक खोड होती. वस्तू दुरुस्त करताना ती कशी चालते हे तो मालकाला समजावून सांगितल्याशिवाय परत देत नसे. बाया त्याला चिडवून 'मास्तर' म्हणायच्या. घागर घ्यायला आलेल्या बाईला आधी कथील कसं पसरतं ते ऐकावं लागे, मग घागर मिळे.

त्याच्या हाताखाली फटफटी उन्हाळाभर आणि श्रावणभर नीट चालली. पोळा झाला आणि तिचा दम गेला. सपाटीवर ती कशीबशी जाई, ओझं घालून चढ आला की ओरडत उभी राही.

आणि आता महालक्ष्म्या चार दिवसांवर होत्या. त्या दिवशी घरोघर सोळा भाज्या लागतात. चंपतच्या मळ्यात भेंडी, गवार, दोडकी, पडवळ, चवळी, अंबाडी, अळू असं सगळं भरून आलं होतं. वाशिमच्या बाजारातले अडते मारोतराव त्याला म्हणाले होते, "महालक्ष्मीच्या दिवशी सूर्य वर यायच्या आत ताजी भाजी आण. मग कोपऱ्यावरची जागा वर्षभर तुझी. नाही आलास तर मी दुसऱ्याला देतो." सहा कोस वाट, आणि घरात जोडीतला उरलेला ढवळ्या हा एकच बैल. एका बैलावर गाडी जुंपता येत नाही, आणि सणाच्या तोंडावर आपला बैल कोण देणार?

बदरुद्दीनने आपलं दुकान बंद केलं आणि चंपतच्या गोठ्यात ठाण मांडलं.

पहिल्या दिवशी त्याने कार्बुरेटर उघडून तारेने साफ केला. फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनाचं डोकं काढलं, काजळी खरवडली, व्हॉल्व्ह बारीक वाळूने घासून बसवले. इंजिन आधीपेक्षा गोड वाजू लागलं आणि चढावर आधीसारखंच उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने पिस्टन बाहेर काढला. त्याच्याभोवतीच्या कड्या झिजल्या होत्या खऱ्या, पण त्या तर चैत्रातही झिजलेल्याच होत्या. नव्या कड्या मुंबईहून मागवायच्या म्हटल्या तर महालक्ष्म्या काय, दिवाळीही निघून गेली असती.

भांड्यांचा व्यापारी हिरालाल रोज डोकावून जाई. तो जुन्या लोखंडा-पितळेची मोडही तोलून विकत घेत असे.

"मास्तर, आज किती तुकडे केले?" तो विचारी. "तुमी असेच मोकळे करत राहा बापा. मले तोलाले सोपं पडते."

"हिरालालशेठ, तुमच्या दुकानातल्या गंज-पातेल्याले बूड लावायचं हाय ना? मंग मले नाराज नका करू."

पण चौथ्या दिवशी दुपारी, सगळं परत जोडून, पेटीत दगड भरून चढावर नेल्यावर गाडी पुन्हा ओरडत उभी राहिली, तेव्हा बदरुद्दीनने हातातला पाना पेटीत टाकून दिला.

गोठ्यात परत आल्यावर चंपत म्हणाला, "जाऊ द्या बदरूभाऊ. हिरालालले देऊन टाकू. मी डोक्यावर जेवढी नेता येईल तेवढी भाजी नेतो. भाजी खुडली का रातीच निघतो, मंग पोचीन."

"दोन टोपल्यांनी जागा भेटते का रे?"

"नाई भेटत," चंपत म्हणाला आणि भाजी खुडायला मळ्यात गेला.

बदरुद्दीन फटफटीसमोर बसून राहिला. मित्राच्या बैलाचे पैसे आपण बुडवले, असं त्याला वाटत होतं.

तेवढ्यात चंपतची बायको कस्तुराबाई आली. तिच्या हातात एक वाटी होती. तिने फटफटीला हळदकुंकू लावलं, दिव्याच्या काचेवरून हात फिरवला आणि खाली बसली. घरचं जनावर विकायचं असलं की बाई त्याला निरोप देते, तशीच. मग वाटीत दोन बोटं बुडवून ती इंजिनाच्या कप्पीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यावर काहीतरी चोळू लागली.

"वैनी, हे काय लावून राह्यल्या?"

"लोनी-हळद. जाता जाता खांद्याले लावतो तिच्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीले बी लावली होती. ढवळ्याचा खांदा शेकला, आन् मोऱ्याच्या जागी हे उभी होती, तं इचा बी शेकला. चांगली वाटीभर जिरवली."

बदरुद्दीन गुडघ्यांवर उठला.

"खांदा? हा पट्टा खांदा हाय, हे कोनी सांगतलं तुमाले?"

"कोनी म्हंजे? तुमीच!" कस्तुराबाई म्हणाली. "गाडी आली त्या दिवशी नाई का म्हटलं, का बैलाच्या खांद्यावर जू येते तसा इंजिनाचा सारा भार ह्या पट्ट्यावर येते म्हणून?"

बदरुद्दीनने पट्ट्याला बोट लावलं. बोट सुळकन घसरलं. चार दिवस तो धातूत खोट शोधत होता, कारण तो धातूचा माणूस. पट्टा देवला चांभाराने मोटेच्या चामड्याचा शिवून दिलेला, पक्का, नवा. त्याच्याकडे त्याने पाहिलंही नव्हतं. पिवळेपणा दिसला होता, पण पोळ्याला सगळ्या गाडीलाच हळद लागली होती. इंजिनात दम भरपूर होता. तो पट्ट्यावरून नुसता घसरून जात होता.

तो इतक्या जोरात हसला की ढवळ्याने दावणीवरून मान वळवली.

"माझं चुकलं काय?" कस्तुराबाईचा चेहरा उतरला.

"तुमचं नाई वैनी. मी अर्धंच शिकवलं. बैलाचा खांदा जुवानं घासू नये म्हणून तो मऊ लागते. ह्या पट्ट्याचं कामच घासायचं हाय. त्यानं कप्पीले घट्ट धरलं तं चाक फिरते. लोनी लावलं का पकड सुटली!"

कस्तुराबाईने वाटी बाजूला सारली. मग तिने पदर खोचला.

"सोडा तो पट्टा. लोनी काढाचं मले शिकवू नका. डाळीचं पीठ आन् राख आनतो."

तिने पट्टा कोमट पाण्याने आणि डाळीच्या पिठाने चोळला, राख लावली, पुसला, पुन्हा चोळला, आणि चुलीपासून हातभर लांब टांगला. चामडं कोरडं झाल्यावर बदरुद्दीनने झाळायच्या सामानातली चिकट राळ कुटून पकडीसाठी त्यावर घासली. मळ्यातून आलेल्या चंपतला दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली, त्यामुळे त्याला आधी काहीच कळलं नाही. कळलं तेव्हा तो बायकोकडे पाहून म्हणाला, "बरं झालं, तिले पुरणपोळी नाई चारली."

"चारली होती," कस्तुराबाई म्हणाली. "टाकीवर ठेवली होती. माकडानं नेली."

महालक्ष्मीच्या पहाटे फटफटी निघाली. पेटीत टोपल्या शिगोशीग भरल्या होत्या, त्यावर ओलं गोणपाट. चंपत पुढे, बदरुद्दीन मागे. नाला ओलांडला, चढ लागला. मध्यावर पट्टा किंचाळला आणि वेग पडला. बदरुद्दीन उडी मारून उतरला, धावता धावता खिशातली मूठभर राळ कप्पीवर फेकली आणि पाठीमागून खांदा लावला.

"थांबवू का?" चंपत ओरडला.

"थांबला तं पाह्य!"

किंचाळणं बंद झालं. पट्ट्याने कप्पी धरली. बदरुद्दीनने आणखी एक रेटा दिला, आणि ढकलायला पुढे काही उरलंच नाही. तो तोंडावर चिखलात पडला. मान वर केली तेव्हा चंपत चढाच्या माथ्यावर होता. थांबला नाही, थांबायचं नाही हे बदरुद्दीननेच त्याला शिकवलं होतं. फटफट सारख्या तालात लांब लांब गेली. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत बदरुद्दीन चिखलातच बसून राहिला, आणि मग दाढी पुसत घराकडे चालू लागला.

दुपारी चंपत परत आला तेव्हा टोपल्यांच्या तळाला अळवाचं एक फाटकं पान तेवढं होतं.

"भेटली?" बदरुद्दीनने विचारलं.

"कोपऱ्याचीच! मारोतराव म्हणे, उद्या बी आण."

कस्तुराबाईने दोघांना जेवायला वाढलं, आंबील दिली. जेवणं झाल्यावर चंपत पडवीत आडवा झाला. ती मात्र पाट घेऊन फटफटीसमोर जाऊन बसली.

"या बदरूभाऊ. आता सारं सांगा. कशाले तेल लागते, कशाले नाई. अर्धं नको."

बदरुद्दीनने पुढच्या चाकापासून सुरुवात केली. तिने प्रत्येक भागाला हात लावून नाव घेतलं, चुकलं तिथे पुन्हा घेतलं. मॅग्नेटोपाशी आल्यावर तिने त्याला अडवलं.

"इथं ठिणगी निघते म्हणता. पन दिसत तं नाई. मंग हाय हे कायवरून?"

बदरुद्दीनने प्लगची तार सुटी केली, तिचं टोक चिमटीत धरलं आणि तिला मागचं चाक फिरवायला सांगितलं. तिने फिरवलं. त्याचा हात कोपरापासून उडाला, टोपी तिरकी झाली, आणि पडवीतला चंपत झोपेतच हसला की काय असं वाटलं.

"पटलं?" हात झटकत त्याने विचारलं.

"तुमाले पटलं," कस्तुराबाई म्हणाली. "द्या इकडं ती तार. चाक तुमी फिरवा."