दोन इमारतींमधली फट

"सही करणार नाही म्हणजे?" अनिमेषने दारातूनच विचारलं.

नागनाथने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हंजे करणार नाही, साहेब. ड्रॉइंग असंच जाऊ द्यायला माझं मन घेत नाही."

जयपूरच्या वैशाली नगरातल्या त्या ऑफिसात नागनाथने ड्राफ्ट्समन म्हणून एकोणतीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर त्याला वर्षावर्षाच्या करारावर ठेवून घेतलं होतं. अणुवीज केंद्रातल्या पाइपांना भूकंपात तग धरता यावा म्हणून कुठे, कसा आधार द्यायचा, हे आखणं आणि तपासणं हे त्याचं काम. आजचा पाइप तर फारच महत्त्वाचा होता. अणुभट्टी बंद केली तरी तिची धग लगेच उतरत नाही. तेव्हा पंपघरातलं पाणी तिच्यापर्यंत नेणारा हा पाइप. संध्याकाळी पाचला नकाशे ग्राहकाकडे जायचे होते.

"मितालीने गणित केलंय. सगळं मर्यादेत बसतंय," अनिमेष म्हणाला. तो मूळचा पुण्याचा, ऑफिसचा प्रमुख, वयाने मात्र नागनाथच्या मुलाएवढा.

"पोरीचं गणित बरोबर हाय. गणित घातलंय चुकीचं." नागनाथने पडद्यावर बोट ठेवलं. "हे पंपघर, ही भट्टीची इमारत. दोन्हीचा पाया वेगळा, मधे चार बोटं फट. जमीन हलली की ही हिच्या चालीनं डोलणार, ती तिच्या. आन् आपण पाइप फटीच्या दोन्ही अंगांनी करकचून आवळलाय."

मिताली, ऑफिसातली तरुण इंजिनिअर, उठून जवळ आली. तिचे वडील लष्करात. ती जयपुरातच वाढलेली, त्यामुळे मराठी बोलताना अडखळायची. "काका, मतलब... मी दोन्ही इमारती एकसाथ हलतात असं धरलं?"

"धरलंस."

तिचा चेहरा उतरला. अनिमेषने नागनाथला केबिनमध्ये नेऊन दार लावून घेतलं.

"नागनाथराव, हा प्रकल्प हातचा गेला तर अवघड होईल. तुमचा करारही याच महिन्यात संपतोय. पुढे मला वर काय सांगायचं?"

"काय सांगायचं ते सांगा. पण आधी दोन तास द्या. पोरीला परत गणित करू द्या, इमारती वेगवेगळ्या हलवून. मर्यादेत आलं तर लगेच सही करतो, आन् तिची माफी मागतो."

त्याच्या आवाजात ना चीड होती, ना विनवणी. अनिमेषने घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

खालून कचोऱ्या आल्या, त्या तशाच निवल्या. पावणेचारला मितालीने कीबोर्डवरचे हात उचलले. पाइपावरचा ताण मर्यादेच्या दीडपट होता, आणि नेमका फटीपाशी.

अनिमेषने तो आकडा वाचला. मग फोन उचलून त्याने ग्राहकालाच सांगितलं, "आज नाही देता येणार. आमची चूक सापडली आहे. दहा दिवस लागतील."

अकरा लागले. आवळलेले दोन आधार काढले, पाइपाला मोठा वळसा दिला, म्हणजे इमारती कशाही डोलल्या तरी त्याला लवायला जागा राहील. नागनाथने सही केली. करार वाढून आला, पण सहाच महिन्यांचा. त्याने कारण विचारलं नाही.

नकाशे गेले त्या संध्याकाळी मिताली त्याच्या टेबलाशी रेंगाळली. "काका, कॉम्प्युटरला नाही दिसलं. तुम्हाला कसं दिसलं?"

"त्र्याण्णवला किल्लारीकडं भूकंप झाला. तेव्हा मी सोलापुरात नवा नोकरीला लागलेलो. आम्हाला तिकडं घरं मोजायला पाठवलं. जुन्या घराला नवी खोली जोडलेली असली की फुटलेली दिसायची ती जोडापाशीच. अशी दोनशे बारा घरं लिहिली मी. एकेक भेग काढली कागदावर."

"तुमचं गाव... तिकडेच ना?"

"हां. आमचं घर त्यात अठ्ठावन्नावं."

मितालीने विचारलं, "कोणी होतं घरात?"

"अण्णा आन् माई. माझे आई-बाप." नागनाथने पट्टी, पेन्सिल खणात ठेवली. "दादा, म्हंजे आमचे तिथले साहेब, म्हणाले, नागनाथ, हे घर दुसरा कुणी लिहील, तू बाहेर बस. मी म्हणालो, नको. मापं मला ठाऊक हायत."

त्याने खण लावला आणि मितालीसाठी दार उघडून धरलं.