तार लावायची राहिली

मित्रांनो, आव आणायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी जुना आहे, स्वस्तातला आहे आणि मुका आहे. लोक मला बीटपॅड म्हणतात. शाळेच्या पाटीएवढं माझं अंग आणि त्यावर रबराचे सोळा चौकोन. चौकोनावर बोट मारलं की मी तारेतून कॉम्प्युटरला निरोप धाडतो आणि आवाज तिकडे होतो. तार काढली की मी संपलो. लाकडाच्या फळीवर बोट मारलं तर निदान टक् होतं. माझं रबर तेवढंही करत नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने माझे सोळाही चौकोन अंगठ्याने दाबून पाहिले आणि माझ्या पोटावर 'पास' असा कागद चिकटवला. आयुष्यात मला मिळालेलं प्रमाणपत्र तेवढंच. पहिल्या मालकाकडे मी चार दिवस वाजलो. लोकांचे नव्याचे नऊ दिवस असतात, त्याचे चारच निघाले. मग वापरलेल्या वाद्यांच्या एका दुकानात मी तारा तुटलेल्या गिटारच्या मागे जाऊन पडलो आणि धूळ खाऊ लागलो.

तिथे मला ती भेटली. तिचे वडील तिला टकटक म्हणायचे, कारण लहानपणी हातात चमचा आला की ही बाई ताटापासून भिंतीपर्यंत सगळं बडवत सुटायची. आता ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करत होती. दुकानदाराने तिच्यासमोर निम्मं दुकान मांडलं. मोठा कीबोर्ड, स्पीकरची जोडी, माइक, माइकचा स्टँड. "ताई, घरी बीट बनवायचे म्हणजे एवढं लागतंच," तो म्हणाला. मागे बसून एक म्हातारा दुरुस्तीवाला कसलीशी तार जोडत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "घरी कॉम्प्युटर आहे का?"

"आहे. जुना आहे, पण चालतो."

"मग तो कोपऱ्यातला पॅड घ्या. कानात घालायला जे असेल ते घाला. सहा महिने वाजवा. काय कमी पडतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल. तोवर दुकानात पाऊल टाकू नका."

"अहो, गिऱ्हाईक हाकलताय का माझं!" दुकानदार म्हणाला.

टकटक हसली. "मीही आमच्या गिऱ्हाइकांना हेच सांगते. फ्रेम साधी घ्या, नंबर बरोबर आला की झालं." आणि तिने मला उचललं. मित्रांनो, त्या दिवशी माझी छाती फुगली होती. दुसऱ्याला शहाणपण सांगणं किती सोपं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तिचं घर म्हणजे वर दोन खोल्या आणि खाली वडिलांचं दुकान. वडील पत्र्याच्या पेट्या बनवायचे. त्या गल्लीत असे चार कारागीर होते आणि प्रत्येकाचा हात वेगळा. घरातली माणसं नुसत्या आवाजावरून ओळखायची की आज कोण कामावर आलंय आणि कोण नाही. टकटकच्या बाबांचा हात असा: दोन हलके ठोके, एक भारी, आणि मग ऐरणीवर एक रिकामा, हाताला विसावा म्हणून. चाळीस वर्षं ते हेच वाजवत होते आणि चाळीस वर्षं तोच आवाज त्यांचे कान खात होता. कानाचे डॉक्टर म्हणाले होते, बारीक आवाज गेलेच आहेत, जाडे उरलेत तेही फार दिवस पुरायचे नाहीत. यंत्राचाही उपयोग होणार नाही.

म्हणून तिला मी हवा होतो. बाबांच्याच ठोक्यांचा एक बीट बनवायचा आणि कान आहेत तोवर त्यांना ऐकवायचा. दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. नाव नको होतं, पैसा नको होता. आपण लेकीला काय दिलं ते त्यांना एकदा ऐकू यावं, एवढंच.

तिने फोन घेऊन खाली जाऊन हातोडीचा आवाज टिपला, कातरीचा टिपला, पेटीचं झाकण पडल्याचाही टिपला. ते आवाज माझ्या चौकोनांवर बसवले. हलका ठोका पहिल्यावर, भारी दुसऱ्यावर, आणि रिकामा अगदी शेवटच्या, सोळाव्यावर. रोज कामावरून आली की हात धुऊन माझ्यापुढे बसायची. माझ्या आयुष्यातले तेच काय ते सोन्याचे दिवस. तिची बोटं काचा बसवून बसवून इतकी नेमकी झाली होती की एक ठोका इकडचा तिकडे पडत नव्हता.

आठव्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, बीट तयार झाला. घरात आत्या होती, बाबांची बहीण. तोंडाने फटकळ, पण माणूस लाखमोलाचं. टकटकने फोनच्या इअरफोनचं एक टोक तिच्या कानात घातलं. आत्याच्या हातातली वाटाण्याची शेंग तशीच राहिली.

"अगं, हा तर दादाचा हात!" ती म्हणाली. "जा, ऐकव जा त्याला. खालीच आहे तो."

टकटक उठली. दारापर्यंत गेली. आणि परत आली.

मित्रांनो, त्या दारापर्यंतची आठ पावलं मी अजून मोजतो. आदल्या दिवशी तिने कॉम्प्युटरवर एका माणसाचं बोलणं ऐकलं होतं. त्याच्या मागची अख्खी भिंत सामानाने भरलेली होती आणि तो म्हणत होता की स्वस्त इअरफोनवर केलेला बीट फसवा असतो, खरा आवाज त्यात कळतच नाही. ते तिच्या डोक्यात किड्यासारखं शिरलं होतं.

"कच्चं आहे अजून," ती आत्याला म्हणाली. "बाबांना अर्धंमुर्धं नाही ऐकवायचं. एकदाच ऐकवीन, पण नीट. चांगले हेडफोन घेते आधी."

जिन्याखालून बाबांनी हाक मारली, "टकटक, झालं का गं तुझं?"

"थोडं राहिलंय, बाबा!" ती वरून ओरडली, आणि तेव्हा ते त्यांना ऐकू गेलं.

हेडफोन आले. कॉम्प्युटरला नुसतेच जोडले तर त्यांचा आवाज दबका यायचा, म्हणून मध्ये बसवायला एक डबा आला. हेडफोनमधून फोनवर टिपलेल्या आवाजातली गल्लीची गडबड स्पष्ट ऐकू यायला लागली, म्हणून माइक आला. पण तोवर बाबांनी दुकान बंद केलं होतं. तिने त्यांना मुद्दाम एक पत्रा दिला आणि माइकपुढे ठोकायला लावलं. त्यांनी ठोकलं, पण स्वतःचा ठोका नीट ऐकू येत नसल्यामुळे हात घाबरत पडत होता. तो आवाज तिला आवडला नाही. मग स्पीकर आले. मग भिंतींना लावायला स्पंज आला. एकेक वस्तू यायला दोन-दोन, तीन-तीन महिने लागत होते. पगार झाला की ती दुकानाकडे पळायची, आणि तो दुरुस्तीवाला तिला पाहून मान खाली घालायचा, हे तिनेच एकदा आत्याला हसत सांगितलं.

"खोगीरभरती आहे नुसती," आत्या म्हणाली. "वाजवणार कधी?"

मला सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मी जळत होतो. नवं सामान टेबलावर ऐटीत बसलेलं आणि मी कडेला, माझ्यावर कुणाचं तरी माहितीपुस्तक. त्या जळण्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. जिन्याखालून येणारी हाक बंद झाली होती. बाबा आता वर येऊन दारात उभे राहायचे, लेकीच्या तोंडाकडे बघायचे आणि तसेच खाली जायचे.

शेवटी तो दिवस उजाडला. टेप घेऊन तिने मोजमाप केलं, दोन स्पीकर आणि खुर्ची बरोबर त्रिकोणात ठेवली. टेबल थरथरू नये म्हणून स्पीकरखालीही स्पंज घातला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि एक हात टेबलावर टेकवून पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. बाहेर कुणीतरी गाडी चालू ठेवली होती, म्हणून तिने उठून खिडकी लावली. मग बीट सुरू केला.

चांगला झाला होता, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? आठव्या दिवशी होता तेवढाच चांगला झाला होता.

बाबांनी डोळे मिटले. दोन हलके, एक भारी, एक रिकामा. त्यांची मान डोलायला लागली. टकटक ओठ घट्ट मिटून त्यांच्याकडे बघत राहिली. अडीच मिनिटांनी बीट संपला. खोलीत कसलाच आवाज राहिला नाही.

बाबांची मान डोलतच होती.

आत्याने तोंडावर पदर घेतला. टकटक हलली नाही. मी मनात मोजत होतो. अकरा वेळा ती मान डोलली. मग त्यांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं आणि मोठ्याने, ज्यांना ऐकू येत नाही ते बोलतात तसं, म्हणाले, "झकास! अगदी झकास झालंय गं!"

स्पीकरखाली स्पंज नसता तर निदान टेबलाने त्यांच्या हाताला काहीतरी सांगितलं असतं. तेही तिने बंद करून टाकलं होतं.

त्यानंतर कितीतरी दिवस कॉम्प्युटर उघडला गेला नाही. हेडफोन, डबा, माइक, स्पीकर ज्या दुकानातून आले त्याच दुकानात निम्म्या भावाने परत गेले. मला कुणी विचारलंही नाही. मी खिडकीत पडलो आणि आत्या माझ्यावर चहाचा कप ठेवायला लागली. विकलेल्या सामानाच्या गुंत्यात माझी तारही गेली होती. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

एका सकाळी बाबा खिडकीशी आले. त्यांनी कप बाजूला केला, शर्टाच्या टोकाने मला पुसलं आणि मांडीवर घेतलं. चौकोन चाचपले. लेकीला बसलेलं त्यांनी दारातून कितीतरी वेळा पाहिलं होतं. कुठल्या बोटाने काय, ते त्यांना पाठ होतं. आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

चाळीस वर्षांचा हात होता तो. माइकपुढे घाबरला होता, तो इथे घाबरला नाही. आवाजाची वाट बघायची नव्हती ना आता. दोन हलके, एक भारी, सोळाव्यावर रिकामा. इतका शुद्ध ठोका माझ्या अंगावर कधीच पडला नव्हता. मी प्रत्येक निरोप घेऊन तारेच्या भोकापर्यंत धावत होतो आणि तिथे काही नव्हतं.

टकटक कामावर निघाली होती. दारात थबकली. तिला दिसलं, आणि कळलंही. ती टेबलाच्या खणावर तुटून पडली. एक खण, दुसरा खण, मग कपाट. "आत्या, याची तार कुठंय? पातळ, काळी तार!" बाबांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते शेवटपर्यंत वाजवून थांबले आणि त्यांनी वर पाहिलं.

"वाजलं ना गं?"

तिने डोळे पुसले नाहीत, ते दिसलं असतं. त्यांना ओठ वाचता येतील असं तोंड मोठं करून म्हणाली, "वाजलं, बाबा. झकास."

ते किती खूश झाले म्हणून सांगू!

दुसऱ्याच दिवशी ती नवी तार घेऊन आली. मला पुसलं, कॉम्प्युटर उघडला, ठोके बसवले आणि मला बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी मला हळूच उचलून तिच्या हातात परत दिलं.

"तुझ्यासाठी वाजवलं होतं," ते म्हणाले. "ऐकलंस ना तू? मग झालं."

तिने हात जोडून खुणा केल्या, 'पुन्हा वाजवा' असं कागदावर लिहून दाखवलं. ते नुसते हसतात. त्या दिवशी तारच नव्हती, काही वाजलंच नव्हतं, हे तिला लिहिता येत नाही, आणि पुन्हा वाजवा म्हणायला दुसरं कारण तिच्याकडे नाही. तार लावलेली आहे. मी रोज वाट बघतो.

मित्रांनो, मला जपा, माझी धूळ पुसा, असं काही मी मागणार नाही. रबराचं काय, ते आज ना उद्या जायचंच. पण तुमच्या घरात कुणी जिन्याखालून "झालं का?" असं विचारत असेल, तर जे झालंय ते, जसं असेल तसं, हातात असलेल्या इअरफोननेच त्याच्या कानात घाला. आठ पावलं चाला आणि दारातून मागे फिरू नका.