काचेपलीकडचं कोवळं ऊन

मी तात्या बोलतोय. जातीने बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे गळ्याखाली काटेरी दाढी असलेला सरडा. मुक्काम कार्डिफ. वेल्सच्या झेंड्यावर मिरवणारा तो लाल ड्रॅगन आमच्यातला नव्हे. त्याला नाकतोडे खाताना मी तरी पाहिलेलं नाही.

माझे पूर्वज ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत रानातले. मी मात्र इथेच एका घरात अंड्यातून बाहेर आलो आणि वीतभर झालो तेव्हा मायराच्या वाढदिवसाची भेट म्हणून तिच्या घरी पोचलो. माझी दाढी पाहून तिचे बाबा, शार्दूल, म्हणाले, "हे तर थेट आमच्या कोथरूडचे तात्या." झालं, बारसं उरकलं. सोबत आधीच्या मालकाने काचेची पेटी आणि उबेचा एक बल्ब दिला होता. एवढं पुरतं, असं तो म्हणाला आणि घरच्यांनी मान डोलावली.

माझी खरी सूत्रं गेली मायराच्या आईकडे. निवेदिता इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालेल्या लोकांना पुन्हा चालायला लावते. बाई मायाळू, पण मला तिने थेट बाळाच्या हिशेबात धरलं. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसा बल्बखाली हात धरला, हाताला चटका बसतोय म्हणून बल्ब उंच टांगला. तिला सोसवेल ते मला गारठा, हे तिला कोण सांगणार? रात्री मी घाबरू नये म्हणून लाल झिरोचा दिवा लावला. माझ्या टाळूवर उजेड ओळखणारा एक बारीकसा तिसरा डोळा असतो. त्याला रात्रभर वाटायचं, अजून दिवस मावळलाच नाही. डोळ्याला डोळा लागेना.

आणि रोज सकाळी पेटी खिडकीशी सरकवायची. "कोवळं ऊन आहे, घे. हाडं मजबूत होतात," असं ती म्हणायची. तिला लहानपणी तेल लावून अशाच उन्हात ठेवत. मीही डोळे मिटून पडून राहायचो. तेवढंच बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

हिवाळा सरता सरता माझ्या पायांतलं बळ गेलं. पोट जमिनीवरून उचलेना. पेटीतल्या दगडावर चढायला गेलो की घसरून पडायचो. पुढचा पाय थरथरायचा. नाकतोडा समोरून उड्या मारत जायचा आणि मी नुसता बघत राहायचो. इतका अपमान मी आयुष्यात सोसला नव्हता.

"मम्मा, तात्या उठत नाही. ही इज नॉट ओके," मायरा म्हणाली आणि रडायलाच लागली.

सरपटणाऱ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझा एक्स-रे काढला. हाडं विरळ झाली होती. अजून थोडं चाललं तर मोडतील, मग हा कधीच चालणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी लाइटचं विचारलं, तेव्हा निवेदिता मोठ्या विश्वासाने म्हणाली, "रोज खिडकीतलं ऊन देते." डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण याच्या अंगात हाडांसाठी व्हिटॅमिन डी तयार करणारे उन्हातले यूव्हीबी किरण काच जवळजवळ सगळे अडवते."

गाडीत बसल्यावर निवेदिता म्हणाली, "मी स्वतः व्हिटॅमिन डीच्या गोळ्या घेते रे शार्दूल. इथे ऊन अंगाला लागत नाही म्हणून. आणि याला मात्र काचेआड ठेवलं. दिवसभर लोकांना चालवते मी, आणि हा घरात लोळागोळा झाला."

"आता चालवू याला," शार्दूल म्हणाले.

मग बघा थाट. ऊब आणि यूव्हीबी दोन्ही देणारा एकच बल्ब घ्यावा, असं शार्दूलचं मत होतं. निवेदिताने डॉक्टरीणबाईंचंच ऐकलं: उबेचा दिवा वेगळा, यूव्हीबीची ट्यूब वेगळी. पेटीच्या निम्म्याहून लांब ट्यूब आत, माझ्या डोक्यावर बसली. मध्ये काच नाही की जाळी नाही. तिच्याच टोकाला उबेचा दिवा, तापमान सांभाळायला थर्मोस्टॅट, आणि दुसरं टोक मुद्दाम गार. मला हवं तेव्हा तापावं, हवं तेव्हा सावलीत यावं. दगड चाळीस अंशांच्या आसपास तापतो का, ते बघायला शार्दूलनी लांबून तापमान मोजणारं यंत्र आणलं आणि तवा, चहा, निवेदिताचं कपाळ, सगळं मोजून टाकलं. लाल दिवा गेला. रात्री मिट्ट काळोख. काय झोपलो म्हणून सांगू.

सोबत कॅल्शियमचं औषध होतंच. आधी मला उचलून दगडावर ठेवायचे. मग पोट जरा उचलायला लागलं. एका रविवारी नाश्त्याच्या वेळी दगडावर नाकतोडा बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, आज तू किंवा मी. एक पाय टाकला, दुसरा टाकला, घसरलो, नखं रोवली आणि चढलो. नाकतोडा गट्टम. मग दाढी काळीभोर फुगवून मी सगळ्यांकडे बघितलं. टेबलावर पोहे गार होत होते. मायरा उड्या मारत होती आणि निवेदिता पदर नसलेल्या कुर्त्याच्या बाहीनेच डोळे पुसत होती.

आता माझ्या भाऊबंदांसाठी एक मागणं. ट्यूब पेटते म्हणून ती चांगली आहे असं समजू नका. उजेड राहतो, आतले किरण सरतात. ज्याने त्याने ती वेळेवर बदलावी. आणि आमची ऊब तुमच्या तळहाताने ठरवू नका.

जुलैतल्या एका स्वच्छ, गरम सकाळी निवेदिताने मला पट्टा बांधून मागच्या बागेत नेलं. गवतावर ठेवून म्हणाली, "कोवळं ऊन आहे, घे. हाडं मजबूत होतात." तेच शब्द होते, फक्त मध्ये काच नव्हती. ऊन थेट पाठीवर उतरलं. मी चारही पायांवर ताठ उभा राहिलो, आणि पळालो. असा पळालो की पट्टा तिच्या हातातून सुटला.

"अगं मायरा, धर त्याला," म्हणत ती माझ्यामागे धावत सुटली. धावता धावता हसत होती. मी मागे वळून पाहिलं नाही.