वर बघणारा माणूस

थोरल्याचं चित्त गेले चार महिने थाऱ्यावर नव्हतं. दुकान उघडलं की तो हातमोजे शोधायचा, ते हातातच आहेत हे कळायचं, मग मोजपट्टी शोधायला लागायचा. काच कापता कापता उठून दाराशी जायचा, शटर पुरतं वर आहे ना बघायचा, परत यायचा आणि दोन मिनिटांनी पुन्हा जायचा. बायको म्हणायची, तुम्ही बसलेले असता तेव्हाही तुमचे पाय चालतच असतात. तो तिच्यावर खेकसायचा, आणि मग खेकसलो म्हणून तासभर स्वतःला खात बसायचा.

काचेचं आणि आरशांचं दुकान दोघा भावांचं. मोठी काच न्यायची तर ती उभी धरायची, एक जण पुढे, एक जण मागे. वडिलांनी घालून दिलेला नियम असा, की पुढच्याने खाली बघायचं आणि मागच्याने वर. मागचा 'चल' म्हणाला की पुढच्याने मान न वळवता पाऊल टाकायचं. वीस वर्षं धाकटा पुढे आणि थोरला मागे असंच चाललं होतं. चार महिन्यांपूर्वी थोरला 'चल' म्हणाला, काचेची वरची कड अर्ध्यावर असलेल्या शटरला थडकली आणि अख्खी काच धाकट्याच्या उजव्या हातावर उतरली. हात वाचला, पण दोन बोटं आता पुरती मिटत नव्हती.

शटर आपोआप खाली सरकलं, असं थोरल्याने सगळ्यांना सांगितलं. नुसतं सांगून भागेना म्हणून धडधाकट शटर काढून नवं बसवलं. मिस्त्री म्हणाला, जुन्याला काहीच झालेलं नाही, उगाच कशाला काढताय? थोरल्याने त्याला असं काही झापलं, की बिचाऱ्याने पुढचं काम मुकाट्याने उरकलं.

तेव्हापासून थोरल्याच्या तोंडून 'चल' म्हणून निघत नव्हतं. मोठी काच उचलली की छाती धडधडायची, तळवे ओले व्हायचे. मग तो शेजारच्या फर्निचरवाल्याची दोन माणसं बोलावून काम निभवायचा. धाकट्याला तर त्याने काचेला बोटही लावू दिलं नाही. त्याला टेबलामागे बसवून मापं लिहायला दिली. धाकट्याने त्याचा अर्थ काढला, की थोरल्याला आपण आता नको. त्याला एका गोदामात देखरेखीची जागा चालून आली होती आणि गोदामवाल्याला आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. वीस वर्षांची जोडी आज मोडणार, हे थोरल्याला सकाळपासून आतून पोखरत होतं.

डॉक्टरांनी त्याला महिन्याभरापूर्वी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं होतं. त्यांच्या टेबलावर मेंदूचा प्लास्टिकचा नमुना होता. त्याचे भाग सुटे करून त्या दाखवायच्या आणि परत जोडताना एक तुकडा दर वेळी उलटा बसवायच्या. थोरल्याचा जीव त्या तुकड्यातच अडकायचा. शेवटी त्याने तो स्वतः नीट बसवून दिला, तेव्हा कुठे तो ऐकायला लागला. बाई म्हणाल्या, हा बदामाएवढा भाग धोक्याची वर्दी देतो. काच खरंच पडतेय की नुसती आठवतेय, हा फरक त्याला चटकन कळत नाही, तो आधी बोंब मारतो. पुढचा, कपाळामागचा भाग विचार करतो, पण बोंब मोठी असली की त्याचं कोण ऐकतंय! सावकाश श्वास सोडला, जे वाटतंय त्याला नाव दिलं, की बोंब थोडी कमी होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे थोरल्याला माहीत होतं. पण फुंकणारा कुठे बसतो, हे त्याला पहिल्यांदाच कळलं, आणि आपण भित्रे नाही या विचाराने त्या दिवशी त्याला रडू आलं.

बाईंनी दिलेला श्वासाचा व्यायाम मात्र त्याने काचेसारखा करायला घेतला. काचेवर रेघ मारायची ती एकदाच आणि एका दमात. रेघ मध्ये तुटली तर काच वाया. दहा श्वास मोजायचे म्हणजे दहा, मन मध्ये कुठे गेलं की हा पठ्ठ्या पुन्हा एकपासून सुरू करायचा. सातच्या पुढे कधी गेलाच नाही. गिऱ्हाईक समोर ताटकळायचं आणि हा डोळे मिटून स्वतःवरच चिडायचा. बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या.

"मन गेलं हे लक्षात येतं ना, तोच व्यायाम. परत यायचं, बस्स. ही रेघ तुटली तरी काही वाया जात नाही."

"मग मी दिवसभर व्यायामच करतोय की," तो म्हणाला.

पण त्या दिवसापासून तो मन कुठे जातंय ते बघायला लागला, आणि ते दर वेळी एकाच ठिकाणी सापडायला लागलं. मन चिंती ते वैरी न चिंती. फुटणारी काच, रक्त, धाकट्याची किंकाळी हे सगळं मागून यायचं. आधी यायचं ते एका गिऱ्हाइकाशी झालेलं भांडण. काच नेताना तो मनातल्या मनात त्या गिऱ्हाइकाला उत्तर देत होता, आणि वर न बघता सवयीने 'चल' म्हणाला होता.

आज दुपारी नाचाच्या वर्गाचा सात फुटी आरसा पोचवायचा होता. फर्निचरवाल्याची माणसं आली नाहीत. वर्गाच्या बाईंचा तिसरा फोन आला. थोरला दारापर्यंत सहा वेळा जाऊन आला. धाकटा उठला, डाव्या हातात रबरी पकड घेतली, ती आरशाला चिकटवली आणि पाठ करून पुढे उभा राहिला. थोरल्याने मागची बाजू धरली. आरसा उचलला गेला.

दाराशी दोघं थांबले. धाकटा वाट बघत होता. थोरल्याची छाती ढोलासारखी वाजायला लागली. त्याने तळपाय जमिनीवर आहेत ते बघितलं, लांब श्वास सोडला. धडधड कमी झाली नाही. ही भीती आहे, तो मनात म्हणाला. मग खालून आणखी काहीतरी वर आलं, तेव्हा त्याला कळलं की ही नुसती भीती नाही.

"शटर सरकलं नव्हतं," तो म्हणाला. "मी वर बघितलंच नव्हतं."

धाकट्याने नियमाप्रमाणे मान वळवली नाही.

"सरकलं नव्हतं, ते मला माहीत आहे, दादा. ऊन येत होतं म्हणून सकाळी मीच ते अर्धं ओढून ठेवलं होतं. वर करायचं विसरलो. तू सरकलं म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं होतं. मग तू मला टेबलामागे बसवलंस. मला वाटलं, तुला कळलंय."

चार महिने एकाच घरात जेवून दोघांनी एकमेकांपासून लपवलं होतं ते हे. थोरल्याला हसावं की रडावं कळेना, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. दंड भरून आले होते. त्याने मान वर केली. शटर पुरतं वर होतं.

"चल," तो म्हणाला. आवाज चिरकला, पण निघाला.

आरसा उंबऱ्याबाहेर पडला. फुटपाथवर चार पावलं गेल्यावर धाकटा पुढे बघतच म्हणाला, "गोदामवाल्याला संध्याकाळी तूच फोन कर. मला 'नाही' म्हणायला जमत नाही."

थोरला बरं म्हणाला. छाती अजून धडधडत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याने मान खाली केली नाही.