आठ आऱ्यांचे चाक

कामशेतला धम्मदीपच्या दुकानात वाहनांवर रेडियमची अक्षरे चिकटविली जात. कोणी 'आईचा आशीर्वाद' मागे, कोणी 'पोलीस'. पुरावा मागण्याची रीत त्या धंद्यात नव्हती. चाकाच्या खुर्चीचे चिन्ह मात्र त्याने पहिल्यांदा कापले ते पत्नी यशोधरेच्या स्कूटरसाठी. इतर कारागीर नुसते वर्तुळ कापीत. त्याने श्रद्धेने त्यात धम्मचक्राप्रमाणे आठ आरे घातले.

यशोधरेचे दोन्ही पाय बालपणापासून अधू होते. त्या शनिवारी लोणावळ्याच्या एका पतसंस्थेत लिपिकपदासाठी तिची मुलाखत होती. अकरानंतर प्रवेश नाही, असे बजावलेले होते. जोडचाकांची स्कूटर घेऊन ती वेळेआधीच पोहोचली. परंतु पर्यटकांच्या मोटारींनी आवार गच्च भरले होते आणि रॅम्पच्या तोंडाशी, दिव्यांगांच्या राखीव जागेत, एक पांढरी मोटार उभी होती. मोटारीच्या काचेवर तेच चिन्ह, तेच आठ आरे! यशोधरेचे अंतःकरण भरून आले. आपल्यासारखेच कोणीतरी!

"ताई, शिट्टी मारू का? मालक हितंच कुटंतरी आसंल," राखणदार हनुमंत म्हणाला.

"नको हो भाऊ. त्यांना घाई करायला लावू नका. आपल्या माणसाला वेळ लागतोच."

"मग रस्त्यापल्याड लावा."

"तिथनं हा चढ कुबड्यांवर नाही झेपायचा मला."

ती थांबली. अकरा वाजून गेल्यावर चिक्कीचे डबे सावरीत एक धडधाकट गृहस्थ पळत आला.

"सॉरी हं मॅडम, पाचच मिनिटं लावली होती."

"तुमच्याबरोबर... कोणी आहे का?"

"छे, एकटाच आहे."

"आन् मंग ह्ये चिन्न कशापायी, सायेब?" हनुमंताने विचारले.

"अरे, ते असलं की गाडी उचलत नाहीत!" तो हसत निघून गेला.

वर कार्यालयाचे दार बंद झालेले होते.

घरी तिने सर्व सांगितले. धम्मदीपचा चेहरा उतरला.

"नंबरप्लेट करून घेतली त्यानं माझ्याकडून. वर हे फुकट मागितलं, दिलं."

"विचारलं नाहीत?"

"'पोलीस' कापताना तरी कुठं विचारतो, यशो?"

ती अंगणात गेली आणि स्कूटरवरील आपले चिन्ह नखाने खरवडू लागली.

"अगं, तुझं कशाला काढतेस? तुझं तर खरं आहे!"

"ते बघून आता मला कोण खरी मानणार?"

ती खरवडीतच राहिली. रेडियम उत्तम प्रतीचे होते. ते सहजासहजी निघाले नाही.